नोट्स ॲपचं २.० काढतोय आणि 'काका' शोधले की 'केक' येतोय

सांगलीकर_कोडर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय. २०१९ च्या दिवाळीत मी एक साधं नोट्स ॲप काढलं होतं अँड्रॉइडवर, नाव देत नाही नाहीतर जाहिरात वाटेल. मुळात बाबांसाठी केलं होतं, त्यांना द्राक्षबागेच्या फवारणीच्या तारखा, कुठलं औषध किती लिटरला किती, मजुरांचा हिशोब असं सगळं लिहून ठेवायची सवय आणि वह्या पावसात भिजायच्या. मग त्यांच्या मित्रांनी घेतलं, मग एका कीर्तनकार बुवांनी घेतलं, एक शाळेतल्या बाई आहेत त्या तर रोज वापरतात. वापरणारे फार नाहीत पण जे आहेत ते रोजचे आहेत, आणि ९०% नोटा मराठीत. दिवसा नोकरी, रात्री जेवण झाल्यावर हे, असं चाललंय.

आता २.० करतोय. जवळपास सगळं नव्याने लिहिलंय. जुन्यात अँड्रॉइडचं स्वतःचं एसक्यूलाइट (नोटा साठवणारा छोटा डेटाबेस) आणि त्यातलं एफटीएस४ (मजकुरात शब्द शोधायची सोय) होतं शोधायला. या वेळी म्हटलं जरा नीट करू, एसक्यूलाइट ॲपमध्येच सोबत घेतलं, एफटीएस५ लावलं, टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) युनिकोड६१ दिला कारण नावातच युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामाईक कॅरॅक्टर-यादी) आहे म्हणजे मराठीला चांगला असणार असं गृहीत धरलं. इंग्लिशवर टेस्ट केलं, मस्त. मग बाबांच्या फोनवर बीटा टाकला आणि त्यांनी 'पाणी' शोधलं तर पुण्याच्या मार्केट यार्डातल्या सगळ्या नोटा आल्या. मला वाटलं बाबांनी काहीतरी चुकीचं दाबलं. मग मी स्वतः 'काका' शोधलं तर पहिली नोट 'केक सांगायचा आहे'. 'मामा' टाकलं की मामी पण येते. आणि 'पाऊस येतो की काय' ही नोट पण काका शोधल्यावर येते, म्हणजे डोकंच चालेना. जुन्या एफटीएस४ मध्ये हे कधीच होत नव्हतं!

दुसरं म्हणजे जुना डेटा नव्यात आणायची भीती वाटतेय, काही लोक अजून १.१ वर आहेत, त्यांनी मधली अपडेट्स घेतलेलीच नाहीत. आणि तिसरं पैशाचं. जुनं ॲप एकदाच १४९ रुपयांना विकलं होतं. आता सिंक (सगळ्या फोनवर त्याच नोटा) देतोय त्याला सर्व्हरचा खर्च आहे. जुन्या लोकांकडून परत घ्यायचे का? बायको म्हणते घे, बाबा म्हणतात लाज वाटेल.

चहात_बिस्कीट

काका शोधले आणि केक आला म्हणजे काकांचा वाढदिवस असेल रे, ॲप हुशार झालंय तुझं. बाकी टेक्निकल लोक सांगतीलच.

अर्धा_र

हसण्यावारी नेऊ नका, हा फार जुना घोळ आहे आणि हिंदीवाले, नेपाळीवाले सगळे यात पडून उठलेत.

युनिकोडमध्ये प्रत्येक कॅरॅक्टरला एक वर्ग असतो. क, ख, ग ही 'अक्षरं' या वर्गात. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीत, ती 'चिन्हं' या वर्गात, आणि त्यातल्याही दोन पोटवर्गांत येतात, एमएन आणि एमसी. युनिकोड६१ काय करतो, तर अक्षर आणि आकडे म्हणजे शब्दाचा भाग, बाकी सगळं म्हणजे शब्द तुटायची जागा, जशी स्पेस. म्हणजे त्याच्या दृष्टीने काना हा स्वल्पविरामासारखा आहे. 'काका' चे झाले दोन शब्द, क आणि क. 'केक' चे पण क आणि क. 'की काय' चे क, क, य. तू 'काका' शोधलंस म्हणजे त्याने 'क च्या मागोमाग क' शोधलं आणि जिथे जिथे सापडलं ते दिलं. पाणी म्हणजे प, ण आणि पुणे म्हणजे पण प, ण. तुझ्या बाबांनी काही चुकीचं दाबलेलं नाही.

आणि जुन्यात का चालत होतं माहितीये का? एफटीएस४ चा जो डीफॉल्ट 'सिंपल' टोकनायझर आहे तो आस्कीच्या (म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या) पलीकडचं काहीही दिसलं की डोळे झाकून शब्दाचा भाग धरतो. अडाणी आहे म्हणून वाचलास. हुशार टोकनायझर घेतलास आणि फसलास.

इलाज सोपा आहे. युनिकोड६१ ला 'कॅटेगरीज' नावाचा ऑप्शन देता येतो, त्यात डीफॉल्ट वर्गांसोबत एमएन आणि एमसी पण लिही. टेबल मात्र नव्याने बनवावं लागेल, असलेल्याचा टोकनायझर बदलत नाही. एक्स्टर्नल कंटेंट टेबल (मूळ मजकूर दुसऱ्या टेबलात ठेवणारं) असेल तर रीबिल्ड कमांड दिली की झालं.

सांगलीकर_कोडर

अर्धा_र भाऊ, पाया पडतो. दोन रात्री घालवल्या होत्या मी. कॅटेगरीज दिले, काका आले, केक गेला, पाण्याचं पुणं होत नाही आता.

पण नवीन एक. 'दुसऱ्या' शोधलं तर निम्म्याच नोटा येतात. बाकीच्या नोटांमध्ये 'दुसऱ्या' हा शब्द डोळ्यांना दिसतोय, पण शोधात येत नाही. कॉपी करून शोधला की येतो! म्हणजे दिसायला सारखे पण आत वेगळे?

अर्धा_र

हाहा, माझ्या नावाचाच प्रश्न विचारलास. (हे नाव घेतलं तेव्हाच माहिती होतं कधीतरी कोणीतरी विचारणार.)

मराठीतला तो आडवा अर्धा र, दुसऱ्या मधला, वाऱ्यावर मधला, तो दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा जुना प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडणारं कॅरॅक्टर, मग य. वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळं करतात. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करून हे एक होत नाहीत, युनिकोडच्या मते ते दोन वेगळेच आहेत. आणि तुझ्या नव्या टेबलात तर झेडडब्ल्यूजे ना अक्षर ना चिन्ह, त्यामुळे तिथे शब्द परत तुटतो.

हेच ॲ चं. ॲ हे एकसंध कॅरॅक्टर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याच्या आधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, आणि अजूनही कितीतरी जण तसंच लिहितात. 'ॲप' शोधलं तर निम्मी ॲपं सापडणार नाहीत.

म्हणून काय कर, मूळ नोटेला हात लावू नकोस. शोधासाठी एक वेगळा सावली कॉलम ठेव. त्यात टाकायच्या आधी झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे काढून टाक, ऱ चा र कर, ॲ एकाच प्रकारचा कर, मराठी आकडे इंग्रजी कर म्हणजे १५ आणि इंग्रजी पंधरा दोन्ही सापडतील. शोधणाऱ्याने टाइप केलेलं पण त्याच गाळणीतून काढ. फक्त एक, मग स्निपेट (नोटेतला जुळलेला तुकडा) दाखवताना सावलीतला मजकूर दाखवू नकोस, लोकांना वाटेल ॲपने शुद्धलेखन बिघडवलं. स्वतःचा टोकनायझर सी मध्ये लिहिलास तर हे सगळं त्याच्या आतच होतं आणि हायलाइट पण मूळ जागी येतं, पण ते रात्री जेवण झाल्यावर करायचं काम नाही.

ट्रायग्राम_वाला

एवढं कशाला करताय, एसक्यूलाइट ३.३४ पासून ट्रायग्राम टोकनायझर आहे, तीन-तीन कॅरॅक्टरचे तुकडे करतो, शब्दाच्या मधलं पण सापडतं, भाषा कुठलीही असो. एक ओळ बदला आणि झोपा.

अर्धा_र

ट्रायग्राममध्ये तीनपेक्षा कमी कॅरॅक्टरचा शोध लागतच नाही. 'आई' दोन कॅरॅक्टर. 'घर' दोन. 'ऊस' दोन. नोट्स ॲपमध्ये आई सापडत नाही म्हटल्यावर काय राहिलं सांगा.

ट्रायग्राम_वाला

बरं बाबा. आई जिंकली.

शाळेतली_बाई

मी ती रोज वापरणारी बाई! सांगलीकरनी मला लिंक पाठवली म्हणून आले, मला कोडिंग मधलं काही कळत नाही पण काना म्हणजे स्वल्पविराम हे वाचून हसू आवरेना, वर्गात सांगणार आहे मुलांना.

मला शोधाचं एक सांगायचं होतं. मी 'पाणी' शोधते तेव्हा मला 'पाण्यात', 'पाण्याची टाकी' हे पण हवं असतं. ते कधीच येत नाही, जुन्यात पण येत नव्हतं. मराठीत विभक्ती लागायच्या आधी शब्दाचं सामान्यरूप होतं, पाणी चं पाण्या, घोडा चं घोड्या. शब्द आहे तसा फार कमी वेळा राहतो. इंग्लिशमध्ये वॉटर ते वॉटरच, त्याच्या अलीकडे इन लावलं काय आणि ऑफ लावलं काय. तुम्ही मंडळी टेस्ट करताना नुसते सुटे शब्द शोधता, प्रत्यक्ष लिहिताना सुटा शब्द किती वेळा येतो बघा.

सांगलीकर_कोडर

बाई हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आत्ता बघितलं, फक्त 'पाणी' अख्खा शब्द म्हणून शोधतो. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधायची सोय आहे, शेवटी स्टार (*) लावायचा, पण पाणी + स्टार केलं तरी पाण्यात येणार नाही, कारण ई ची वेलांटी मध्ये येते.

अर्धा_र

शोधणाऱ्याच्या शब्दातलं शेवटचं स्वरचिन्ह काढ आणि मग स्टार लाव. पाणी चं 'पाण' + स्टार. पाण्यात, पाण्याची, पाणी सगळं येईल. पाणउतारा पण येईल, तो येऊ दे, खालच्या नंबरवर टाक. घोडा चं 'घोड' + स्टार, घोडे घोड्याला घोडी. अख्खा जुळणारा शब्द असेल ती नोट वर, बाकी खाली.

शाळेतली_बाई

पण 'दूध' चं काय? दूध लिहिताना दू दीर्घ, 'दुधाला' लिहिताना दु ऱ्हस्व. नियमच आहे तो, उपान्त्य दीर्घ असेल तर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. मूल, मुलाला. फूल, फुलांचा. वीट, विटेवर. तुमच्या 'दूध' + स्टार मध्ये दुधाला येणार नाही.

अर्धा_र

बाई, तुम्हाला कोडिंग कळत नाही हे मी मान्य करत नाही.

सावली कॉलममध्ये सगळ्या दीर्घ वेलांट्या आणि दीर्घ उकार ऱ्हस्व करून टाकायचे. दूध चं दुध होईल, शोधणाऱ्याचं पण दुध होईल, दुधाला सापडेल. फायदा म्हणजे लोकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पण खपून जातील, आणि त्या भरपूर असतात. तोटा म्हणजे दिन आणि दीन एक होतील. नोट्स ॲपला चालेल असं माझं मत आहे.

शाळेतली_बाई

माझ्या जिवाला लागतंय पण चालेल.

जळालेला_हात

शोधावरच सगळे लागलेत, त्याने दुसरं विचारलंय ते जास्त महत्त्वाचं आहे. शोध बिघडला तर लोक शिव्या देतील आणि पुढच्या आठवड्यात विसरतील. नोटा गेल्या तर माणूस परत येत नाही.

माझं सांगतो. माझं पण एक छोटं ॲप होतं, उधारीची वही टाइप. त्यात रूममध्ये (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) स्कीमा म्हणजे टेबलांची रचना बदलली आणि मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड) लिहायचा कंटाळा म्हणून डेव्हलपमेंटच्या वेळी ती फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशनची ओळ टाकली होती. ती ओळ काय करते तर मायग्रेशनचा रस्ता सापडला नाही की टेबलं पाडून रिकामी नवी बनवते, कुठलीही एरर न देता. मी १ ते २ आणि २ ते ३ लिहिलं होतं म्हणून निर्धास्त. पण मधली एक व्हर्जन फक्त मोजक्या लोकांना गेली होती, तिचा नंबर वेगळा होता, आणि त्यांच्यासाठी रस्ता नव्हता. एका दुकानदाराने मला फोन केला. त्याची सहा महिन्यांची उधारी गेली होती. तो ओरडला पण नाही, नुसतं विचारलं की परत येईल का. नाही आली. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून ती ओळ कोडमध्ये कुठे असेल तर आत्ता उठ आणि काढ. ॲप क्रॅश झालं तरी चालेल, क्रॅशमध्ये डेटा तरी राहतो.

दुसरं, प्रत्येक जुन्या व्हर्जनचा खरा डेटाबेस जपून ठेव, १.१ चा, १.२ चा, सगळे, आणि प्रत्येकावरून थेट २.० ला उडी मारून बघ. नुसतं लगेच आधीच्या वरून नाही. नव्या फोनवर नव्या इन्स्टॉलवर टेस्ट करण्यात काही अर्थ नाही, तिथे मायग्रेशन चालतच नाही.

तिसरं, मायग्रेशनच्या आधी प्रत काढ. पण डॉट डीबी फाइल नुसती कॉपी करू नकोस. वॉल मोड असेल तर ताजं लिहिलेलं शेजारच्या वॉल फाइलमध्ये असतं, ते मुख्य फाइलमध्ये अजून गेलेलंच नसतं. नुसती डीबी उचललीस तर गेल्या काही वेळातलं गायब. व्हॅक्यूम इंटू ही पूर्ण प्रत काढणारी कमांड वापर, तुझं एसक्यूलाइट सोबतच आहे म्हणजे ते मिळेल.

आणि गुगलच्या ऑटो बॅकअपवर भरवसा ठेवू नको. ॲपमागे २५ एमबीची मर्यादा आहे, एकदा बाबांनी औषधाच्या डब्यांचे फोटो नोटेत टाकले की संपलं.

सांगलीकर_कोडर

जळालेला_हात दादा, आत्ता बघितलं. ती ओळ आहे. माझ्या कोडमध्ये आहे ती ओळ. मार्चमध्ये टाकली होती 'नंतर काढू' अशी कॉमेंट लिहून.

काढली. हात थरथरतोय.

जळालेला_हात

बरं झालं. रिलीज एकदम सगळ्यांना सोडू नको. आधी थोड्या टक्क्यांना, चार दिवस थांब, मग वाढव. आणि लक्षात ठेव की गडबड झाली तर पुढचा रोलआउट थांबवता येतो पण ज्यांच्याकडे गेलंय त्यांना मागे नेता येत नाही, अँड्रॉइड जुनी व्हर्जन वर चढू देत नाही, मोठ्या नंबरची नवीनच काढावी लागते. म्हणून शुक्रवारी रात्री सोडून गावाला जत्रेला जाऊ नको.

एनडीके_पीडित

मध्येच एक. तू एसक्यूलाइट सोबत घेतोयस म्हणजे नेटिव्ह (सी मध्ये लिहून बांधलेली) लायब्ररी आली. १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरला अँड्रॉइड १५ किंवा वरचं टार्गेट करणाऱ्या ॲपसाठी १६ केबी पेज साइजचा (मेमरीच्या तुकड्याचा आकार) सपोर्ट लागतो. जुन्या एनडीकेने (असल्या लायब्ररी बांधायचं अँड्रॉइडचं साधन) बांधलेली असेल तर अडकशील, एनडीके आर२८ पासून ते आपोआप होतं. बीटा चालतोय म्हणून निवांत राहशील आणि अपलोडच्या दिवशी कळेल.

नवा_गडी

जरा अवांतर विचारतो, माझं पण असंच ॲप करायचं मनात आहे, प्ले स्टोअरवर टाकायच्या आधी ते टेस्टर लोक गोळा करावे लागतात म्हणे?

एनडीके_पीडित

वैयक्तिक अकाउंट १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलं असेल तर हो. आता १२ टेस्टर सलग १४ दिवस, आधी २० होते. सांगलीकरचं अकाउंट २०१९ चं आहे, त्याला लागू नाही. तू आतापासून नातेवाईकांशी गोड बोलायला लाग.

कोपऱ्यातला_हिशोबनीस

पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

जुन्या लोकांकडून जुन्याच गोष्टीचे परत पैसे घेऊ नका. लिहिणं, शोधणं, एक्स्पोर्ट हे त्यांनी १४९ मध्ये घेतलेलं आहे, ते त्यांचं. सिंक नवीन आहे, त्याला दर महिन्याला सर्व्हरचं बिल येतं, त्याला वार्षिक वर्गणी लावा, त्यात लाज कसली? स्टोअर १५% कापून घेणार ते धरून आकडा ठरवा. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत असणाऱ्यांना १५%, आपण सगळे त्याच्या आतच असतो, दुर्दैवाने.

काही जण सांगतील की २.० वेगळं ॲप म्हणून टाक आणि नव्याने विक. तसं करू नका. वेगळं ॲप म्हणजे वेगळं पॅकेज, त्याला जुन्या ॲपच्या खाजगी फोल्डरमधलं काही दिसत नाही. मग लोकांना स्वतः एक्स्पोर्ट करून इम्पोर्ट करायला सांगावं लागतं आणि तुमचे बुवा ते करणार नाहीत.

एव्हरनोट या नोट्स ॲपने डिसेंबर २०२३ मध्ये फुकटवाल्यांना ५० नोटांची मर्यादा लावली तेव्हा लोक किती चिडले होते ते बघितलंय आपण. ते तर फुकटवाले होते. इथे लोकांनी पैसे दिलेत.

चहात_बिस्कीट

हिशोबनीस साहेब, पण मग हा माणूस सहा वर्षं १४९ मध्ये राबतोय त्याचं काय? मी एक कटिंग चहा दहाला पितो, पंधरा कटिंगमध्ये आयुष्यभराचं सॉफ्टवेअर? वायको बरोबर बोलते त्याची. बायको, बायको. टायपो.

कोपऱ्यातला_हिशोबनीस

राबतोय ते खरं आहे. मग नव्या ग्राहकांना किंमत वाढवा, १४९ ची २९९ करा, कोणी नाही म्हणत नाही. आणि 'आवडलं तर द्या' असं एक बटण ठेवा, बिनकामाचं, त्यातून काही उघडत नाही असं स्पष्ट लिहून. जुने लोक देतात, माझा अनुभव आहे. शब्द फिरवलेला मात्र त्यांना चालत नाही.

सांगलीकर_कोडर

सगळ्यांचं वाचलं, दोन आठवडे काम केलं, आता सांगतो कुठपर्यंत आलंय.

सावली कॉलम झाला. ऱ आणि ॲ एक झाले. वेलांटी उकार ऱ्हस्व केले, शेवटचं चिन्ह काढून स्टार लावला. दूध शोधलं की दुधाला, दुधाचा सगळं येतं. १.१, १.२, १.४ तिन्हींचे डेटाबेस मिळाले, १.१ चा तर बाबांच्या जुन्या तडा गेलेल्या फोनमध्ये होता, चार्ज व्हायला अर्धा तास लागला त्याला. तिन्हीवरून उडी मारून बघितली, १.१ वरून येताना नोटांच्या तारखा साडेपाच तासांनी सरकत होत्या, कारण तेव्हा मी वेळ लोकल मध्ये ठेवत होतो आणि नंतर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) केली होती आणि विसरलो होतो. फवारणीची तारीख सरकली असती तर बाबांनी घरात घेतलं नसतं. दुरुस्त केलं. मायग्रेशनच्या आधी प्रत काढतो आणि आधीच्या नंतरच्या नोटा मोजतो, जुळल्या नाहीत तर जुनंच उघडतं.

सिंकमध्ये दोन फोनवर एकच नोट बदलली तर दोन्ही प्रती ठेवतो, कुठली खरी ते माणूस ठरवेल. फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवून निवडायचा विचार होता पण बाबांच्या त्या जुन्या फोनचं घड्याळ २०१५ दाखवत होतं.

पैशाचं हिशोबनीसांनी सांगितलं तसंच. बायको म्हणाली बटणाचं नाव 'चहा' ठेव.

सोमवारी ५% लोकांना सोडतोय. 'पाऊस' चं 'पावसात' मात्र कशानेच येत नाही, असे पंधरावीस शब्द हाताने यादीत टाकलेत.

शाळेतली_बाई

अभिनंदन! बीटा घेतलाय मी. एक विचारू का, 'ऊस' शोधला तर 'उसाला' येत नाहीये. तसंच 'ईद' चं पण बघा.

अर्धा_र

मात्रा ऱ्हस्व केल्या, स्वतंत्र स्वर राहिले. ऊ चा उ आणि ई चा इ कर, दोन ओळी आहेत. सांगलीत राहून ऊस विसरलास गड्या?

सांगलीकर_कोडर

बाबांना सांगू नका. आज रात्री करतो.